नजरेतलं बाळसं

बाळ चार महिन्यांचं झालं की घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याबद्दल एक निकाल देऊन जातो. ‘छान बाळसं धरलंय,’ नाहीतर ‘जरा रोडच वाटतोय गं, दूध पुरतंय ना?’ बोलणारा बोलून जातो. त्या वाक्याचं ओझं बाळाची आई पुढे कित्येक दिवस वाहते. बोलणाऱ्याने बाळाची लांबी मोजलेली नसते. मागच्या महिन्यात वजन किती होतं, बाळ पुऱ्या दिवसांचं होतं की आठव्या महिन्यातच जन्मलं, यातलं काही त्याने विचारलेलं नसतं. त्याने पाहिलेले असतात गाल, मांड्या आणि मनगटावरच्या वळ्या.

म्हणजे त्याने पाहिलेली असते चरबी. वाढ ही निराळी गोष्ट आहे. हाडं लांब होणं, स्नायू भरणं, मेंदू मोठा होणं हे सगळं महिन्यामहिन्याने घडतं, आणि त्याचा वेग हाच खरा मुद्दा असतो. डोळ्याला आकार चटकन कळतो, वेग कळत नाही. शिवाय डोळा नेहमी शेजारच्याशी तुलना करून मोजतो. आपल्या मुलाच्या वजनाबद्दल आईबापांचे जे गैरसमज होतात, ते बहुतेक या दोन कारणांनी. आणि ते दोन्ही बाजूंनी होतात. ज्याचं उत्तम चाललंय ते मूल बारीक दिसतं म्हणून घर काळजीत पडतं. ज्याची वाढ खुंटली आहे ते मूल कुणाच्या नजरेत भरतच नाही.

गुटगुटीत मुलाची ओढ अडाणीपणातून आलेली नाही, हे आधी सांगायला हवं. ज्या घरांत हगवणीने आणि गोवराने मुलं जात होती, त्या घरांतल्या आज्यांनी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आजारात मूल झरझर उतरतं, आणि ज्याच्या अंगावर थोडं जास्तीचं असतं ते तग धरतं. त्यांचं निरीक्षण त्यांच्या काळापुरतं खरं होतं. पुढे त्यावर इतर गोष्टींची पुटं चढली. सुदृढ बालक स्पर्धा आल्या आणि गोल गालांना बक्षिसं मिळू लागली. बाळदुधाच्या डब्यांवरची गोबरी बाळं घराघरांत पोचली आणि आपलं बाळही तसंच दिसायला हवं, असं वाटू लागलं. १९९२ सालच्या कायद्याने बाळदुधाच्या जाहिरातींवर आणि डब्यावर बाळाचं चित्र छापण्यावर बंदी घातली, पण तोवर ते चित्र डब्यावरून उतरून मनात जाऊन बसलं होतं. गाल पाहून बाळाला बक्षीस देण्याची पद्धत जिथे अजून असेल तिथे ती बंद व्हावी, असं मला मनापासून वाटतं. तिथे हरलेल्या बाळाच्या आईला घरी गेल्यावर काय काय ऐकावं लागत असेल!

सगळ्यांत जास्त काळजी निष्कारण वाया जाते ती दुसऱ्या वर्षात. बालरोगतज्ज्ञांकडे या वयाची एकच तक्रार सारखी येते: ‘काही खातच नाही हो.’ ती समजून घ्यायला थोडे आकडे पाहावे लागतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणांनुसार मुलग्याचं जन्मवजन सरासरी ३.३ किलो असतं, वर्षाचा होतो तेव्हा ९.६, दोन वर्षांचा होतो तेव्हा १२.२ आणि तीन वर्षांचा होतो तेव्हा १४.३. मुलींचे आकडे ३.२, ८.९, ११.५ आणि १३.९. मुलग्याचंच उदाहरण घेतलं तर पहिल्या वर्षात सव्वासहा किलो वाढ आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलो. उंचीचंही तसंच. पहिल्या वर्षात २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात साधारण १२. आयुष्यातला सर्वांत वेगवान टप्पा पहिल्या वाढदिवसाच्या आसपास संपतो. वेग उतरला की शरीराची वाढीपुरती मागणी कमी होते, आणि भूकही किलोमागे कमी होते. आईला मात्र दिसतं ते असं की नऊ महिन्यांचा असताना वाटी चाटूनपुसून संपवणारा मुलगा आता दोन घासांत तोंड फिरवतो.

त्यातच मूल चालायला लागलेलं असतं. वर्षाच्या बाळाच्या अंगावरची चरबी पुढची चार-पाच वर्षं उंचीच्या मानाने कमीच होत जाते. पाच-सहाव्या वर्षाच्या आसपास मूल सर्वांत सडपातळ असतं आणि मग पुन्हा भरू लागतं. हा निसर्गाचा ठरलेला क्रम आहे. पण भिंतीवर पहिल्या वाढदिवसाचा फोटो असतो, आणि तीन वर्षांच्या मुलाकडे पाहताना नजर सारखी त्या फोटोकडे जाते. बरगड्या दिसायला लागल्या, पोट आत गेलं, खाल्लेलं अंगी लागत नाही, कुणाची दृष्ट लागली. मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या तर मुलाचं काही बिघडत नाही. त्यानंतर जे सुरू होतं त्याने बिघडतं.

मग वाटी घेऊन मुलामागे पळणं सुरू होतं. मोबाइलवर गाणं लावायचं आणि डोळे पडद्यावर असताना घास सारायचा. एकाने हात धरायचे, दुसऱ्याने भरवायचं. मुलाला आपली भूक ओळखण्याची जी उपजत जाण असते ती या दोन वर्षांत मारली जाते, आणि जेवण हा रोजचा झगडा होऊन बसतो. जेवत नाही म्हणून निदान दूध तरी जावं, या विचाराने दिवसाला लिटरभर दूध जातं आणि मधल्या वेळी बिस्किटं. दुधात लोह जवळपास नसतंच. दुधाने पोट भरलेल्या मुलाला भाकरी, डाळ, पालेभाजी, अंडं यांची भूक उरत नाही. लोह कमी पडलं की रक्त कमी होतं, आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. यात दुधाचा वाटा किती हे या आकड्यातून कळत नाही; पण वजनाच्या काळजीपोटी दिलेलं दूधच भूक मारतं, हा प्रकार सुखवस्तू घरांतही सर्रास चालतो.

काटा घरी आणून दर आठवड्याला वजन करणाऱ्यांनाही हे सांगायला हवं. दुसऱ्या वर्षात महिन्याला सरासरी २०० ग्रॅम वजन वाढतं. नुकतंच प्यायलेलं पेलाभर दूधही तेवढं भरतं. आठवड्याच्या हिशोबात काटा जे दाखवतो ती वाढ नसते. पोटात किती आहे आणि शी-शू झाली की नाही, एवढंच त्यातून कळतं.

आता दुसरी बाजू. ती जास्त गंभीर आहे, आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही, कारण ती दिसतच नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. दर तीन मुलांमागे एकाहून जास्त. पण तीन वर्षांच्या मुलाची आई ‘याची उंची कमी आहे’ म्हणून दवाखान्यात आली, असं फार क्वचित घडतं. दोन वर्षांच्या मुलीची उंची सरासरी ८५.७ सेंटिमीटर असते, ७९.३ च्या खाली गेली तर ती खुजी धरतात. मधलं अंतर चार बोटंसुद्धा नाही. शेजारी दुसरी, त्याच वयाची, नीट वाढलेली मुलगी उभी असेल तरच ते जाणवेल. आणि वस्तीतल्या बहुतेक मुली तेवढ्याच असतील तर जाणवणार कशाशी ताडून? शिवाय खुज्या मुलाचे हातपाय, गाल, पोट उंचीच्या मानाने ठीक दिसतात. ते मूल आजारी दिसत नाही; ते फक्त आपल्या वयापेक्षा लहान दिसतं. साडेतीन वर्षांचं मूल अडीच वर्षांच्या छान मुलासारखं दिसतं. वय पाहणाऱ्याच्या नजरेला कळत नाही, म्हणून नजर त्याला पास करते.

‘आमच्यात सगळेच बुटके’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. मोठ्या माणसांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, आईबापांची उंची मुलात उतरते. पण पाच वर्षांखालच्या मुलांच्या समूहाला हे उत्तर लागू पडत नाही, हे फार मोठ्या कष्टाने तपासून पाहिलं गेलं आहे. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली. ब्राझीलमधलं पेलोटास, घानाची राजधानी अक्रा, नॉर्वेतलं ओस्लो, ओमानमधलं मस्कत, अमेरिकेतलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. निवडलेली घरं खाऊनपिऊन सुखी होती, आया अंगावर पाजणाऱ्या होत्या, घरात सिगारेट ओढत नव्हत्या. तेव्हा दिसलं ते असं: दिल्लीची आणि ओस्लोची मुलं पाच वर्षांपर्यंत जवळपास सारखीच वाढतात. एका शहरातल्या दोन मुलांमध्ये जेवढा फरक पडतो, त्याच्या मानाने शहराशहरांतला फरक नगण्य होता. या मापांवरूनच २००६ साली नवे आलेख निघाले, आणि अंगणवाडीत आज तेच वापरतात. खुजेपणा एखाद्या वस्तीत घरोघर दिसतो तेव्हा तो बहुतांशी त्या वस्तीच्या पोटातून, पाण्यातून आणि पोरींच्या लवकर लग्नांतून आलेला असतो. रक्तातून आला असं म्हणून सोडून देणं म्हणजे त्या मुलांचा हक्क सोडून देणं आहे.

नजर फसण्याचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो जीवघेणा आहे. कुपोषणाची दोन रूपं जुन्या आरोग्यपुस्तकांत सुकटी आणि सुजवटी या नावांनी सांगितलेली असतात. सुकटी दिसते, मूल हाडांचा सापळा होतं. सुजवटीत पायांवर आणि चेहऱ्यावर पाणी साठतं, गाल फुगीर दिसतात, आणि हाडकुळं मूल अचानक भरल्यासारखं वाटतं. काट्यावर वजनही वाढलेलं येतं. अशा मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरावा; खड्डा पडून तसाच राहिला तर ते बाळसं नाही, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासाने या विषयाला आणखी एक पदर जोडला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली. गावातली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटाचा घेर कमी होता. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. वजनाने हलकं आणि तरीही चरबी राखून असलेलं बाळ. अशा मुलाला पुढे नुसतं ‘भरवायचं’ म्हटलं तर काय भरतं, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. दिल्लीत १९६९ ते १९७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा मागोवा त्यांच्या तिशीपर्यंत घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २००४ साली आले. ज्यांना तरुणपणीच मधुमेह झाला किंवा साखर वाढू लागली, ते दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि नंतर इतरांपेक्षा लवकर व भराभर अंगाने भरत गेले. बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही मूल लठ्ठ या व्याख्येत बसत नव्हतं. म्हणजे त्यांच्या आईबापांना ती मुलं पाहून समाधानच वाटलं असणार: लहानपणी किती किडकिडीत होता, आता कसा सुधारला! पहिल्या दोन वर्षांतली वाढ मिळवायची असते, कारण ती उंचीत, स्नायूंत आणि मेंदूत जाते. सातव्या वर्षी वेफर्स आणि सरबतांनी आलेलं वजन ती भरपाई करत नाही.

जास्त वजनाकडेही नजर अशीच कानाडोळा करते. जगभरच्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी २०१४ साली झाली. वजन जास्त असलेल्या मुलांच्या आईबापांपैकी निम्म्यांना आपल्या मुलाचं वजन होतं त्यापेक्षा कमी वाटत होतं. मूल जितकं लहान, तितकी ही चूक जास्त. अमेरिकेतल्या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या आयांशी बोलून केलेला २००१ सालचा एक अभ्यास मला फार समजूतदार वाटतो. त्या आया आलेखावर विश्वास ठेवत नव्हत्या. मूल पळतंय, खेळतंय, त्याला कुणी चिडवत नाही, मग ते लठ्ठ कसं, असा त्यांचा हिशोब होता. आपल्याकडेही ‘हाडापेराने मोठा आहे’ हे वाक्य तेच काम करतं. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, पुढच्या पाहणीत ते ४.१ झालं. खुजेपणाच्या मानाने आकडा लहान आहे, पण पाचेक वर्षांत तो दुप्पट झाला.

एवढं वाचून सगळा दोष आईच्या नजरेचा असं कुणाला वाटेल, तर ते अन्यायाचं आहे. शास्त्राचीही नजर चुकली होती. २००६ पूर्वी जगभर जो आलेख वापरला जाई तो अमेरिकेत १९७७ साली तयार झाला होता. त्यातल्या तान्ह्या मुलांची मापं ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावातून घेतलेली होती, आणि ती बाळं बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढतं आणि मग बाटलीच्या बाळापेक्षा थोडं सावकाश वाढतं. ते त्याचं निरोगी वळण आहे. जुन्या आलेखावर मात्र तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर त्याची रेघ घसरताना दिसे. मग कागदावर बोट ठेवून आईला सांगितलं जाई, तुझं दूध कमी पडतंय, वरचं चालू कर. किती आयांचं दूध या सल्ल्याने आटलं असेल, याचा विचार केला की मन विषण्ण होतं. आजही ‘दूध पुरत नाही’ हे वरचं दूध सुरू करण्याचं नेहमीचं कारण आहे. खूण तपासायची ती साधी: बाळ दिवसाकाठी सहा-सात वेळा लघवी करतंय का, आणि जन्मानंतर थोडं उतरलेलं वजन दोन आठवड्यांत भरून निघून पुढे वाढतंय का.

मुलाची वाढ ताडून पाहायची तर ती त्याच्याशीच, मागच्या महिन्यांतल्या त्याच मुलाशी. फ्रान्समधल्या फिलिबेर गेनो द मोंबेयार या गृहस्थाने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण सहा सहा महिन्यांनी मोजून १७७७ पर्यंत लिहून ठेवली. निसर्गअभ्यासक बुफाँ याने ती छापली, आणि एकाच मुलाच्या वाढीची पहिली सलग नोंद म्हणून ती आजही दाखवली जाते. एका बापाने चिकाटीने केलेलं हे काम. आपल्याकडे गरोदरपणी मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डात मुलीचा आणि मुलाचा असे दोन आलेख छापलेले असतात: हिरवा पट्टा, पिवळा आणि त्याखाली नारिंगी. एक ठिपका फारसं काही सांगत नाही. तीन-चार ठिपके जोडले की रेघ बोलू लागते. पट्ट्याच्या खालच्या अंगाला, पण काठाला समांतर वर चढणारी रेघ असेल तर मूल लहान चणीचं आणि निरोगी असू शकतं. वरच्या अंगाला असलेली रेघ दोन महिने आडवी झाली तर ते हिरव्यातलं मूलही तपासायला हवं. लवकर जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत अपेक्षित तारखेपासून मोजावं, नाहीतर आलेख त्याच्यावर अन्याय करतो.

खंत याची वाटते की हे कार्ड बऱ्याच घरांत लसीच्या तारखांपुरतंच उघडलं जातं. अंगणवाडीत वजन होतं, ताई आकडा मोबाइलमध्ये भरते, आणि आईला कळतं ते एवढंच: ‘तुमचा मॅममध्ये आलाय,’ म्हणजे मध्यम तीव्र कुपोषणात. तिला ते दूषण वाटतं. सासूसमोर सांगितलं तर आणखीच. पुढच्या वेळी ती मूल आणत नाही. तिला रेघ दाखवली आणि ‘दिवाळीनंतर इथे का आडवी झाली, काय झालं होतं तेव्हा?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा उत्तर तिच्यापाशीच असतं. जुलाब लागले होते. ऊसतोडीला गेलो होतो. धाकट्याचे दिवस गेले म्हणून अंगावरचं तोडलं.

आई निरीक्षणात कमी पडते असं नाहीच. आफ्रिकेतल्या नायजर देशात २०१२ पासून आयांच्या हाती दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी देऊन पाहिलं गेलं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. लिहितावाचता न येणाऱ्या आयांनीही आरोग्यसेविकांइतकीच नेमकी मापं घेतली, आणि त्यांची मुलं उपचाराला लवकर पोचल्यामुळे कमी मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं. कागदाची एक पट्टी आणि दहा मिनिटांची शिकवणी.

रेघ आडवी झालेली दिसली तर आधी आजार शोधावा: खोकला, जुलाब, कान वाहणं, लघवीची जळजळ. मग वाटीत काय आहे ते पाहावं. दहा किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी ३०० मिलिलिटरच्या आसपास मावतं. तेवढी जागा वरणाच्या पाण्याने आणि पातळ पेजेने भरली तर पोट टम्म होतं आणि अंगात काही जात नाही. तेच वरण घट्ट काढून मऊ भातात कालवलं, त्यात चमचाभर तूप किंवा तेल घातलं, कधी अंडं कुस्करून, कधी शेंगदाण्याचं बारीक कूट मिसळून दिलं, तर तेवढ्याच वाटीत कितीतरी जास्त जातं. जुलाब थांबल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्यावं, कारण भूक परतते तेव्हाच शरीर गमावलेलं भरून काढतं. आणि पुढच्या महिन्यात त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत पुन्हा वजन घेऊन ठिपका मांडावा.